प्रतिमा, नाव आणि सरकारी पैसा : सेरानोच्या छायाचित्रावरील वादाचा इतिहास

आंद्रेस सेरानो ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९८७ साली 'इमर्शन (पिस क्राइस्ट)' हे छायाचित्र काढले. त्याच्यावर जितका दीर्घकाळ वाद चालला, तितका विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुसऱ्या एखाद्या छायाचित्रावर क्वचितच चालला असेल. १९८९ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्याची प्रतिकृती फाडण्यात आली. १९९७ साली मेलबर्न येथे ते प्रथम न्यायालयात गेले आणि नंतर हातोड्याच्या घावांखाली सापडले. २०११ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे त्याची प्रत फोडण्यात आली. ह्या घटनांची मांडणी सामान्यतः एकाच सूत्रात केली जाते : एका बाजूस धर्मश्रद्धा, दुसऱ्या बाजूस कलावंताचे स्वातंत्र्य, आणि दोहोंमधील अटळ संघर्ष. हे सूत्र सोयीचे आहे. परंतु घटनाक्रम बारकाईने तपासला असता ते टिकत नाही. ज्या वस्तूविषयी वाद झाला, ती वस्तू मुळात एक नव्हतीच. छायाचित्रात दिसणारी प्रतिमा, छायाचित्राला दिलेले नाव, आणि छायाचित्रकाराला मिळालेल्या पारितोषिकातील सरकारी पैसा ह्या तीन स्वतंत्र गोष्टी होत्या. त्यांचा एकमेकींत घोटाळा झाल्यामुळे वादाला धार चढली, आणि त्याचे परिणामही भलत्यांनाच भोगावे लागले. हा घोटाळा उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रतिमा आणि नाव

प्रथम छायाचित्राचे वर्णन करणे अवश्य आहे. कारण ज्यांनी त्याचा निषेध केला त्यांतील बहुसंख्यांनी ते समक्ष पाहिलेले नव्हते. हे सिबाक्रोम पद्धतीचे रंगीत छायाचित्र असून त्याची मोठी प्रत सुमारे ६० इंच उंच व ४० इंच रुंद आहे. सिबाक्रोम पद्धतीत रंगीत पारदर्शिकेवरून थेट प्रत काढली जाते. तिचे रंग गडद असतात व पृष्ठभाग काचेसारखा तकतकतो. चित्रात क्रूसावर खिळलेला ख्रिस्त दिसतो. त्याच्याभोवती पिवळा, नारिंगी आणि तांबूस असा प्रकाश पसरलेला आहे. क्रूसाच्या कडा ह्या प्रकाशात विरघळल्यासारख्या वाटतात आणि बारीक बुडबुडे सर्वत्र विखुरलेले दिसतात. वस्तू लहान आहे की मोठी, लाकडाची आहे की धातूची, हे चित्रावरून उमगत नाही. नाव झाकून हे छायाचित्र एखाद्या भाविकापुढे ठेवले, तर ते देवघरात लावण्याजोगे आहे असाच अभिप्राय मिळण्याचा संभव अधिक.

वस्तुस्थिती अशी की, क्रूस हा बाजारात मिळणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या क्रूसांपैकी होता आणि तो कलावंताने स्वतःच्या मूत्राने भरलेल्या पारदर्शक पात्रात बुडविला होता. ही माहिती डोळ्यांना होत नाही. ती नावातून होते. 'इमर्शन' म्हणजे निमज्जन. ख्रिस्ती परंपरेत ह्या शब्दाला बाप्तिस्म्याचा अर्थ आहे. त्यापुढे कंसात ख्रिस्ताच्या नावाला जोडलेला शब्द मात्र इंग्रजी बोलीतील मूत्रवाचक ग्राम्य शब्द आहे. वैद्यकाचा किंवा शास्त्राचा शब्द हाताशी असताना सेरानोने रस्त्यावरचा शब्द निवडला, ही गोष्ट आकस्मिक मानता येणार नाही. त्याने ८ जुलै १९८९ रोजी कलानिधीच्या अध्यक्षांना जे पत्र लिहिले, त्यात छायाचित्र व त्याचे नाव संदिग्ध रीतीने प्रक्षोभक असल्याचे त्याने मान्य केले. ते ईश्वरनिंदात्मक असल्याचे मात्र साफ नाकारले.

नावावरून पवित्र चित्राचे भवितव्य ठरल्याचे उदाहरण कलेच्या इतिहासात जुने आहे. १५७३ साली व्हेनिसमधील चित्रकार पाओलो व्हेरोनेझे ह्याला धर्मन्यायासनापुढे उभे राहावे लागले. मठाच्या भोजनशाळेसाठी त्याने रंगविलेल्या 'अंतिम भोजना'च्या भव्य चित्रात विदूषक, जर्मन सैनिक, कुत्रा इत्यादींची गर्दी होती आणि ती प्रसंगाच्या पावित्र्याला न शोभणारी ठरविण्यात आली. चित्रात दुरुस्ती करण्याचा हुकूम झाला. व्हेरोनेझेने चित्र जवळजवळ होते तसेच ठेवले आणि त्याचे नाव मात्र 'लेवीच्या घरची मेजवानी' असे केले. वाद तेथेच मिटला. जी आकृती एका नावाखाली अपवित्र होती, तीच दुसऱ्या नावाखाली निर्दोष ठरली. सेरानोच्या बाबतीत ह्याच्या नेमके उलट घडले : जी आकृती नावाविना निर्दोष ठरली असती, ती नावामुळे असह्य झाली.

येथे छायाचित्र ह्या माध्यमाचाही विचार करावयास हवा. एखाद्या चित्रकाराने पिवळ्या रंगात बुडालेला क्रूस रंगवून त्याला हेच नाव दिले असते, तर ती एक कुत्सित कल्पना मानली गेली असती. छायाचित्र मात्र साक्ष देते. कॅमेऱ्यापुढे ती वस्तू होती आणि ते कृत्य खरोखर घडले, असा त्याचा दावा असतो. ही अडचण माध्यमाला फार पूर्वीपासून जाणवलेली आहे. १८९८ साली फ्रेड हॉलंड डे ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने मॅसॅच्युसेट्समधील नॉरवूड येथे स्वतः ख्रिस्ताचा वेष घेऊन क्रूसारोहणाची छायाचित्रे काढविली. त्यासाठी त्याने उपास करून शरीर कृश केले होते आणि केस वाढविले होते. त्याच्या हेतूत उपहासाचा लवलेश नसतानाही टीका झालीच. कारण शेकडो चित्रकारांनी जे रंगविले होते ते छायाचित्रात उतरताच त्यात ख्रिस्त न दिसता ख्रिस्ताचे सोंग घेतलेला एक जिवंत इसम दिसू लागला. सेरानोचे छायाचित्र ह्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचे आहे. त्याची आकृती भक्तिभाव सुचविते, त्याचे नाव अवमान सुचविते, आणि नावात सांगितलेले खरे आहे अशी ग्वाही माध्यम देते.

२. क्रूस ह्या चिन्हाची पूर्वपीठिका

क्रूसाचा अवमान झाला असे म्हणताना क्रूस हे चिन्ह मुळात कशाचे होते, ह्याचा विसर पडू नये. रोमन साम्राज्यात क्रूसावर खिळणे ही गुलामांना व बंडखोरांना देण्याची शिक्षा होती. नागरिकाने तिचा उच्चारही कानावर येऊ देऊ नये, अशा आशयाचे उद्गार सिसेरोने काढले आहेत. देह उघडा, सर्वांसमक्ष, तासन् तास यातना भोगीत राहावा आणि मरणारा तुच्छतेचा विषय व्हावा, हाच त्या शिक्षेचा उद्देश होता. मराठी बायबलात ह्या वस्तूसाठी 'वधस्तंभ' हा शब्द रूढ झाला आहे. 'क्रूस' ह्या शब्दात जो अर्थ सवयीने बुजून गेला, तो ह्या शब्दात अजून शाबूत आहे.

ख्रिस्ती कलेने पहिली काही शतके हे दृश्य बहुशः टाळले. क्रूसावरील ख्रिस्ताच्या उपलब्ध चित्रणांपैकी अगदी प्राचीन असे एक चित्रण भक्ताच्या हातचे नसून निंदकाच्या हातचे आहे. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली उजेडात आलेल्या आणि साधारणतः इसवी सन २००च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एका भिंतीवरील रेखाटनात गाढवाचे डोके असलेला पुरुष क्रूसावर दाखविला आहे. त्याच्याजवळ एक माणूस हात वर करून उभा आहे, आणि अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करीत आहे अशा अर्थाची ग्रीक ओळ तेथे कोरलेली आहे. उघडपणे कोरलेले क्रूसारोहणाचे दृश्य रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दरवाजावर दिसते, ते पाचव्या शतकातील. पुढे क्रूस रत्नजडित झाला, राजमुकुटावर चढला, अलंकार बनला. तथापि वेदनेची व विटंबनेची आठवण जागविणारा प्रवाहही अखंड राहिला. माथिआस ग्र्युनेवाल्ड ह्याने १५१२ ते १५१६ ह्या काळात इझेनहाइम येथील मठासाठी रंगविलेला ख्रिस्त व्रणांनी भरलेला व हिरवट पडलेला आहे. त्या मठात विषारी धान्याने जडणाऱ्या दाहक व्याधीच्या रोग्यांची शुश्रूषा होत असे. रोग्याने ह्या देहात आपला देह पाहावा अशी त्या चित्राची योजना होती.

सेरानोची भूमिका ह्या दुसऱ्या प्रवाहाशी नाते सांगते. १९५० साली न्यूयॉर्क येथे जन्मलेला आणि कॅथलिक संस्कारांत वाढलेला हा कलावंत रक्त, दूध, मूत्र ह्या शरीरद्रवांची छायाचित्रे १९८०नंतरच्या दशकात सातत्याने काढीत होता. क्रूस हा आता जवळजवळ शोभेचा दागिना झाला आहे. छायाचित्राने कोणी अस्वस्थ होत असेल तर क्रूसावरचे मरण प्रत्यक्षात कसे होते ह्याची काहीशी जाणीव त्यामुळे होत असावी, असे त्याने २०१२ साली प्रतिपादन केले. हा खुलासा मागाहून सुचलेला आहे, अशी शंका घेता येईल. परंतु देहाची घाण व देवत्व ह्यांचा संबंध अवताराच्या ख्रिस्ती सिद्धान्तातच अंतर्भूत आहे, ही गोष्ट शंकेने नाहीशी होत नाही. म्हणून ह्या छायाचित्राचे स्थान धर्माच्या बाहेर नसून धर्माच्या आतील एका जुन्या विवादात आहे, असे म्हणणे अधिक युक्त होईल.

३. वॉशिंग्टन, १९८९

१९८७ साली हे छायाचित्र न्यूयॉर्कमधील एका खाजगी कलादालनात मांडले गेले, तेव्हा गदारोळ झाला नाही. वादाचे बीज पुढील वर्षाच्या पारितोषिकात आहे. उत्तर कॅरोलायना राज्यातील विन्स्टन-सेलम येथील 'साउथईस्टर्न सेंटर फॉर कन्टेम्पररी आर्ट' ही संस्था दृश्यकलावंतांना पारितोषिके देत असे. निवड तिचे परीक्षकमंडळ करी. पैसा तीन ठिकाणांहून येई : रॉकफेलर व एक्विटेबल ह्या दोन खाजगी प्रतिष्ठानांकडून, आणि 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' ह्या संघराज्याच्या कलानिधीकडून. हा कलानिधी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांच्या कारकिर्दीत १९६५च्या कायद्याने स्थापन झाला होता, आणि ह्या उपक्रमासाठी त्याने ७५,००० डॉलर दिले होते. निवडलेल्या दहा कलावंतांत सेरानो होता व त्याला १५,००० डॉलर मिळाले. ह्या दहा जणांच्या कलाकृतींचे फिरते प्रदर्शन लॉस एंजेलिस व पिट्सबर्ग येथे निर्वेध पार पडून व्हर्जिनियातील रिचमंड येथे आले. ते तेथून उठल्यावर, १९८९च्या मार्चमध्ये, स्थानिक वृत्तपत्रात एका प्रेक्षकाचे निषेधाचे पत्र छापून आले. एप्रिलमध्ये मिसिसिपीतील 'अमेरिकन फॅमिली असोसिएशन'चे प्रमुख, पाद्री डॉनल्ड वाइल्डमन ह्यांनी देशभर पत्रके पाठवून विधिमंडळाच्या सदस्यांकडे तक्रारी करण्याची चळवळ उभारली.

१८ मे १९८९ रोजी न्यूयॉर्कचे सिनेटर अल्फॉन्स डॅमाटो ह्यांनी प्रदर्शनाच्या पुस्तिकेतील प्रतिकृती सभागृहात फाडली. उत्तर कॅरोलायनाचे जेसी हेल्म्स ह्यांनी सेरानो हा कलावंतच नव्हे असे सांगून त्याची निर्भर्त्सना केली. वीसहून अधिक सिनेटरांच्या सह्यांचे पत्र कलानिधीकडे गेले. ह्या भाषणांतील मुख्य मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. डॅमाटो ह्यांनी स्पष्ट केले की, प्रश्न भाषणस्वातंत्र्याचा नसून करदात्यांच्या पैशाच्या दुरुपयोगाचा आहे. कलावंताने स्वतःच्या पैशाने हवे ते करावे, सरकारी पैशाने नव्हे, अशी ही भूमिका होती. तिला एका घटनात्मक युक्तिवादाचीही जोड मिळाली : राज्याने धर्माचा गौरव पुरस्कृत करणे जर घटनेला मान्य नाही, तर धर्माचा अवमान पुरस्कृत करणे तिला कसे मान्य व्हावे? हा युक्तिवाद सहजासहजी बाजूला सारण्यासारखा नाही. ज्याच्या करातून पारितोषिक दिले गेले त्याच्याच श्रद्धास्थानाला ग्राम्य शब्द जोडला गेला, ही भाविकाची तक्रार निव्वळ अज्ञानातून आलेली होती असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

तथापि तपशील पाहिला म्हणजे ह्या भूमिकेतील दुबळेपणा दिसू लागतो. छायाचित्र १९८७चे, पारितोषिक १९८८चे. तेव्हा सरकारी पैशाने ते छायाचित्र घडविले असे म्हणता येत नव्हते. निवड सरकारी अधिकाऱ्यांनी केलेली नव्हती, आणि पारितोषिकात सरकारचा हिस्सा तीन वाटेकऱ्यांपैकी एकाचा होता. पण राजकीय वादात असे बारकावे टिकत नाहीत. त्यातच रॉबर्ट मेपलथॉर्प ह्या मार्च १९८९मध्ये दिवंगत झालेल्या छायाचित्रकाराच्या प्रदर्शनाचे प्रकरण उद्भवले. त्याच्या काही छायाचित्रांत समलिंगी कामजीवनाचे उघड चित्रण होते, आणि फिलाडेल्फियातील ज्या संस्थेने ते प्रदर्शन सिद्ध केले तिला कलानिधीने ३०,००० डॉलर दिले होते. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनाने जून १९८९मध्ये हे प्रदर्शन ऐन वेळी रद्द केले. धर्मावमान आणि अश्लीलता हे दोन सर्वस्वी भिन्न आक्षेप तेव्हापासून एकाच दमात उच्चारले जाऊ लागले. जुलैमध्ये प्रतिनिधिगृहाने कलानिधीच्या तरतुदीतून ४५,००० डॉलर कापले. ही रक्कम म्हणजे मेपलथॉर्पचे ३०,००० आणि सेरानोचे १५,००० ह्यांची बेरीज होय. सुमारे १७ कोटी डॉलरांच्या वार्षिक तरतुदीपुढे ही कपात नगण्य होती. तिचा रोख आकड्यावर नसून उपमर्दावर होता.

४. कायद्यातून धर्म कसा वगळला गेला

ह्यानंतरचा भाग वादाच्या रूढ मांडणीत बहुधा दुर्लक्षित राहतो. हेल्म्स ह्यांनी जुलै १९८९मध्ये मांडलेल्या दुरुस्तीत अश्लील साहित्याबरोबरच कोणत्याही धर्माच्या किंवा निधर्मी मताच्या अनुयायांच्या श्रद्धांची व पूज्य वस्तूंची हेटाळणी करणाऱ्या साहित्यालाही सरकारी मदत देण्यास मनाई होती. ऑक्टोबरमध्ये जो कायदा प्रत्यक्षात झाला, त्यात बंदी उरली ती अश्लीलतेपुरती. धर्मावमानाचा उल्लेख गळून पडला. एका धार्मिक प्रतिमेवरून पेटलेल्या आंदोलनाने जन्माला घातलेल्या कायद्यात धर्माचा शब्द नव्हता!

ह्याचे कारण अमेरिकेच्या न्यायेतिहासात आहे. रोबेर्तो रोसेल्लिनी ह्यांच्या 'द मिरॅकल' ह्या लघुपटात एक भोळी खेडूत स्त्री एका भटक्या माणसाला संत जोसेफ समजते. न्यूयॉर्कच्या कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी ह्या चित्रपटाचा तीव्र निषेध केला, आणि १९५१ साली राज्याने तो पवित्र गोष्टींचे विडंबन करणारा ठरवून त्याचा परवाना काढून घेतला. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा निर्णय रद्द केला. धर्मांना अप्रिय वाटणाऱ्या मतांपासून त्यांचे रक्षण करण्यात राज्याला कायदेशीर हितसंबंध नाही, असे तत्त्व त्या निवाड्याने प्रस्थापित केले. अश्लीलतेच्या नियंत्रणाला न्यायालयीन आधार होता. धर्मावमानाच्या नियंत्रणाला तो नव्हता. त्यामुळे विधिमंडळाने जे दुखणे होते त्यावर इलाज करण्याऐवजी ज्यावर औषध उपलब्ध होते त्यावर इलाज केला. सेरानोच्या छायाचित्रात अश्लील असे काहीच नसल्याने हा कायदा त्याला लागूही पडला नसता.

१९९० साली विधिमंडळाने पुन्हा दुरुस्ती केली. अनुदान देताना सभ्यतेचे सर्वसाधारण निकष आणि अमेरिकन जनतेच्या विविध श्रद्धा व मूल्ये ह्यांविषयीचा आदर लक्षात घ्यावा, असे कलानिधीच्या अध्यक्षांवर बंधन आले. धर्म अशा रीतीने मागच्या दाराने परत आला. त्याच वर्षी चार रंगमंचीय कलावंतांची अनुदाने नाकारण्यात आली. त्यांनी लढविलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २५ जून १९९८ रोजी न्यायालयाने ८ विरुद्ध १ अशा मताधिक्याने ते कलम वैध ठरविले. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर ह्यांच्या निकालपत्रानुसार ते कलम सल्लावजा होते. विशिष्ट मतांवर बंदी घालणारे नव्हते. न्यायमूर्ती डेव्हिड साउटर ह्यांनी भिन्नमत नोंदविले. आदराची अट ही दृष्टिकोनावरून भेदभाव करणारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दरम्यान प्रत्यक्ष व्यवहारात निकाल लागलेला होता. १९९५च्या आर्थिक वर्षातील सुमारे १६ कोटी २० लाख डॉलरांची तरतूद १९९६मध्ये ९ कोटी ९५ लाखांवर आली, आणि साहित्यासारखे काही मोजके अपवाद वगळता व्यक्तिगत कलावंतांना अनुदान देण्याची प्रथाच बंद झाली. सेरानोला ह्याची झळ लागली नाही. वादाने त्याचे नाव जगभर झाले होते. झळ लागली ती ज्यांचे नाव कोणी ऐकले नव्हते आणि एखाद्या अनुदानावर ज्यांचे वर्ष निभावले असते, अशा चित्रकारांना व शिल्पकारांना. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी म्हण मराठीत आहे. सेरानोला चोर न मानणाऱ्यालाही येथे तिचा उत्तरार्ध लागू पडतो.

५. मेलबर्न आणि आव्हिन्यों

अमेरिकेबाहेर ह्या वादाने निराळे वळण घेतले. तेथे सरकारी पारितोषिकाचा प्रश्न मागे पडला व छायाचित्राची प्रत हेच लक्ष्य झाले. ऑक्टोबर १९९७मध्ये मेलबर्नच्या 'नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया' येथे सेरानोच्या कलाकृतींचे प्रदर्शन व्हावयाचे होते. तेथील कॅथलिक आर्चबिशप जॉर्ज पेल ह्यांनी व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे मनाईहुकूम मागितला. न्यायमूर्ती डेव्हिड हार्पर ह्यांनी तो नाकारला. ईश्वरनिंदेचा जुना इंग्रजी गुन्हा व्हिक्टोरियात अजून अस्तित्वात आहे काय, ह्याविषयीच त्यांना शंका वाटली. शिवाय प्रदर्शनामुळे सार्वजनिक शांतता भंगेल असा पुरावा त्यांच्यापुढे आला नव्हता. छायाचित्र निंदात्मक आहे की नाही, ह्या मूळ प्रश्नाचा निर्णय देण्याची वेळच आली नाही. शांततेविषयीचे अनुमान मात्र लवकरच खोटे ठरले. ११ ऑक्टोबर रोजी एका माणसाने छायाचित्र भिंतीवरून ओढून काढले. दुसऱ्या दिवशी दोन तरुणांपैकी एकाने पहारेकऱ्याचे लक्ष वेधले व दुसऱ्याने छायाचित्रावर हातोडा चालविला. त्याच इमारतीत तेव्हा रेम्ब्रांच्या चित्रांचे प्रदर्शन चालू होते. सुरक्षिततेच्या चिंतेने संचालकांनी सेरानोचे प्रदर्शन बंद केले. न्यायालयाने जे नाकारले ते हातोड्याने दोन दिवसांत मिळविले.

आव्हिन्यों येथील 'कलेक्शन लांबेर' ह्या संग्रहालयात २०११ साली हे छायाचित्र मांडलेले असताना तेथील आर्चबिशपांनी ते हटविण्याची मागणी केली व रस्त्यावर निदर्शने झाली. १७ एप्रिल रोजी, झावळ्यांच्या रविवारी, काही जणांनी हातोडा व टोकदार हत्यार घेऊन त्याच्या काचेवर व प्रतीवर घाव घातले. सेरानोच्याच दुसऱ्या एका छायाचित्राचीही त्यांनी नासधूस केली. ते छायाचित्र एका जोगिणीच्या जुळलेल्या हातांचे होते. अवमानाविरुद्ध उगारलेला हातोडा प्रार्थनेवर पडला, ही घटना बोलकी आहे. संग्रहालयाने फुटलेल्या प्रती तशाच स्थितीत पुन्हा प्रेक्षकांपुढे मांडल्या.

प्रतिमाभंजनाच्या दीर्घ इतिहासात ह्या दोन घटनांचे एक वैशिष्ट्य आहे. पूर्वीचा प्रतिमाभंजक मूर्ती फोडी तेव्हा ती मूर्ती नाहीशी होई. छायाचित्राच्या मात्र एकाहून अधिक प्रती असतात, आणि त्याच्या प्रतिकृती तर अगणित. ज्याने ते कधीच पाहिले नव्हते, त्याच्यापर्यंत ते निषेधाच्या बातम्यांतूनच पोहोचले. नाशाचा हेतू होता तेथे प्रसार झाला.

६. धर्मसंस्थेतील मतभिन्नता

'धर्म विरुद्ध कला' ह्या मांडणीला सर्वांत मोठा छेद खुद्द कॅथलिक मतांनी दिला आहे. ज्या वर्षी आर्चबिशप पेल मेलबर्नच्या न्यायालयात गेले, त्याच वर्षी, १९९७ साली, कलेवरील दूरदर्शन-व्याख्यानांमुळे प्रसिद्ध झालेल्या इंग्रज जोगीण सिस्टर वेंडी बेकेट ह्यांनी बिल मॉयर्स ह्यांच्याशी झालेल्या संभाषणात हे छायाचित्र आपणास ईश्वरनिंदात्मक वाटत नसल्याचे सांगितले. आजच्या जगाने ख्रिस्ताचे काय केले आहे, हे ते दाखविते, असा अर्थ त्यांनी लावला. त्याचबरोबर त्यांनी त्याला श्रेष्ठ कलाकृती मात्र मानले नाही. ही दुसरी बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. कारण छायाचित्र निंदात्मक नाही म्हणून ते थोर आहे, किंवा ते थोर नाही म्हणून निंदात्मक आहे, हे दोन्ही निष्कर्ष सदोष असतात. वादाच्या भरात दोन्ही पक्षांनी ते वारंवार काढले.

व्हॅटिकन संग्रहालयांतील आधुनिक कलासंग्रहाला पन्नास वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त २३ जून २०२३ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी सिस्टाइन चॅपेलमध्ये सुमारे दोनशे कलावंतांना पाचारण केले. त्यांत सेरानोचा समावेश होता. आपण आशीर्वाद मागितला असता पोपांनी हसून अंगठा उंचावला, असे त्याने नंतर वृत्तपत्रांना सांगितले. ह्या भेटीमुळे छायाचित्र निर्दोष ठरले असे मानण्याचे कारण नाही. एकाच चर्चमध्ये सव्वीस वर्षांच्या अवधीत एका धर्माधिकाऱ्याने ज्याच्या कृतीविरुद्ध मनाईहुकूम मागितला, त्याला दुसऱ्याने पाहुणा म्हणून बोलाविले, एवढेच त्यातून निष्पन्न होते. पण तेवढ्यानेही हा विवाद धर्म व धर्मबाह्य शक्ती ह्यांच्यातील होता ही समजूत ढासळते.

७. उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. प्रतिमेचा निवाडा कोठेच झाला नाही : विधिमंडळाने पैशाचा विचार केला, मेलबर्नच्या न्यायालयाने गुन्ह्याच्या अस्तित्वाचा व शांततेचा विचार केला, आणि हातोडा चालविणाऱ्यांनी विचाराची पायरीच वगळली. भाविकांच्या मनाला जखम केली ती मुख्यतः नावाने. त्या नावाची जबाबदारी कलावंताची होती, आणि संदिग्धतेचा आश्रय घेऊन ती त्याला पुरती टाळता येत नाही. शिक्षा मात्र ना नावाला झाली, ना कलावंताला. ती झाली एका सार्वजनिक व्यवस्थेला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या अज्ञात कलावंतांना. राज्याने कलेला आश्रय द्यावा की नाही, आश्रय दिल्यास तो अनुमोदनही ठरतो काय, हे प्रश्न स्वतंत्रपणे व शांतपणे चर्चिले जावयास हवे होते. एका छायाचित्राच्या आडोशाने ते चर्चिले गेल्यामुळे त्यांची उत्तरे घाईने दिली गेली.

अशा प्रकरणांचा अभ्यास करणाऱ्याने, म्हणून, कोणाची बाजू बरोबर होती हे विचारण्याआधी कोणत्या वस्तूविषयी कोण बोलत होते हे निश्चित केले पाहिजे. दुखावलेल्या श्रद्धेची नोंद तिच्या पूर्ण गांभीर्यासह घ्यावयास हवी आणि कलावंताच्या खुलाशाचीही घ्यावयास हवी. पण दोहोंपैकी एकालाही पुराव्याचे स्थान देता कामा नये. पुरावा म्हणून उरतात ती साधने साधीच आहेत : एक रंगीत प्रत, तिच्याखालची एक ओळ, अनुदानाचे हिशेब, सभागृहाचे वृत्तान्त, निकालपत्रे. ती एकेक करून वाचली असता त्यांचा आवाज वादाच्या आवाजाहून पुष्कळच निराळा ऐकू येतो.